काहिलीत खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवून गूळ करण्याची पसरट लोखंडी कढई म्हणजे काहील. करकंबजवळच्या श्रीमंतदादांच्या गुऱ्हाळात मी कित्येक हंगाम चुलाणावर काढले. तेव्हा सगळे माझ्याशी जपून वागत. उकळत्या रसाशी थट्टा करायला कोणी धजत नाही.

पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ थंडावले. मग दादांच्या लेकीने, सोनालीने, मला भीमेच्या पाण्यात सोडले. ज्या बुडातून रस गळला नाही त्यातून पाणी कुठून शिरणार? पलीकडच्या मळ्यात खुरपायला जाणाऱ्या बाया, शेळ्या, खताची पोती असे सगळे मी पार नेले. शेळ्यासुद्धा माझ्यात निमूट उभ्या राहत. हे मी मुद्दाम सांगते आहे.

ही नदी तुम्ही भूगोलात वाचली असेल. सह्याद्रीत भीमाशंकरजवळ ती उगम पावते. तिथे उतार आहे, म्हणून ती धावते, दगडांवर आपटते, फेसाळते. आमच्याकडे उतार जवळजवळ संपतो. पात्र रुंद होते, आवाज बंद होतो. पाणी मात्र तेच. घाटात पाऊस कोसळला, धरणे भरली आणि दरवाजे उघडले, की आमच्याकडे कडक ऊन असतानाही नदी चढते. डोंगरातली नदी माणसाला ओरडून बजावते. सपाटीवरची तेवढेही कष्ट घेत नाही. हा फरक ज्यांना कळत नाही, ते सहलीला येतात.

त्यांना आणले काठावरच्या रानाच्या मालकाने, राजशेखरने. काठावर त्याने झोके टांगले, जेवणाची सोय केली आणि ‘काहिलीतून नौकाविहार’ असा फलक लावला. गिऱ्हाईक त्याचे, वल्हे सोनालीचे. रविवारच्या या फेऱ्यांवरच तिचे घर चालू लागले. मला शेंदरी रंग फासून वर पांढरी फुले काढली गेली. त्याविषयी न बोललेले बरे.

एका रविवारी सोलापूरहून संगमेश साहेब सहकुटुंब आले. पांढरी स्वच्छ पँट. हिमालयातल्या नदीत रबरी होडीतून गेल्याचे त्यांनी उतरल्या उतरल्या सांगितले.

“ही काय नदी आहे? तळं आहे तळं,” ते म्हणाले. मग त्यांनी माझ्यात डोकावून पाहिले. “इथे खाली बसायचं? कपडे खराब होतील.”

राजशेखरने धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली. सोनालीने वल्हे खाली ठेवले.

“खुर्ची न्हाय चालायची, अण्णा. काहिलीत मांडी घालून बसायचं असतंय.”

“लई शानी हाईस. साहेब काय शेळी हायत व्हय?”

“शेळीचं बरं असतंय. ती फोटो न्हाय काढत.”

“गिऱ्हाईक माघारी गेलं तर उद्यापासनं तुझी काहील हितं लागायची न्हाय!”

सोनालीने वल्हे पुन्हा उचलले. ती म्हणाली, “बसवते. पर गुडघाभर पाण्याच्या म्होरं न्हेनार न्हाय.”

साहेब बसले. लगेच फोटोसाठी उभेही राहिले. वजन जितके वर, तितका तोल कच्चा. खुर्ची सरकली, माझी एक कड खाली गेली आणि साहेब चिखलात बसले. काठावर त्यांची पत्नी, दाक्षायणीबाई, व्हिडिओ काढत होत्या.

“अहो, बसलात एकदाचे खाली!” त्या म्हणाल्या.

आता तरी लोक शहाणे होतील, असे मला वाटले. माझी अपेक्षा जास्त होती. तो व्हिडिओ मोबाईलवरून सगळीकडे फिरला आणि पुढच्या रविवारी काठावर रांग लागली. सगळ्यांना पडायचे होते! राजशेखर खुर्च्यांची चळत घेऊन उभा होता.

“सोने, नशीब उघडलं की! एकेकाला साहेबासारखं पाड.”

पण रात्रीतून वरचे पाणी आले होते. गुडघाभर पाण्याची जागा आता गळ्याएवढी खोल होती. वर फेस नाही, लाट नाही.

“आज कुनीबी उतरायचं न्हाय, अण्णा. पानी चढलंय.”

“आभाळ बघ की! एक ढग तरी हाय का?”

“आभाळातनं न्हाय, घाटातनं आलंय.”

“मग तुझी काहील उचल आन् चालू पड. परत दिसू नगंस!”

सोनालीने क्षणभर रांगेकडे पाहिले. मग तिने मला काठावर ओढले, पालथे घातले आणि वर मांडी घालून बसली. रांगेतले लोक ओरडू लागले. पैसे परत मागू लागले. राजशेखरने संतापून हातातली खुर्ची पाण्यात भिरकावली.

खुर्ची आवाज न करता उलटली आणि बघता बघता वळणापलीकडे गेली. रांगेतला आरडाओरडा थांबला. एका बाईने आपल्या मुलीचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या त्या झाल्याच. पाणी उतरले की आम्ही पूर्वीसारखी खुरपणारी माणसे पार नेतो. त्यात मिळकत थोडी आहे आणि सोनालीला ते परवडत नाही. कोणी वाहवा केली म्हणून घर चालत नाही. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, गंज खात का होईना टिकेन. नदीही तुमच्यावाचून अडलेली नाही. तुम्ही स्वतःला तेवढे जपा. पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या माणसाला विचारा, आज पाणी कसे आहे? तो ‘नको’ म्हणाला, तर वाद न घालता चहा प्या आणि घरी जा.