पाटीवरचे तीनशे वॉट

भिलाईच्या कारखान्यात मोटरी दुरुस्त करता करता कवडूची बारा वर्षं गेली होती, आणि तेवढ्या काळात त्याची एकाच देवावर श्रद्धा बसली होती: मोटरवरची पाटी. पाटीवर पन्नास हॉर्सपॉवर लिहिलं, की मोटर पन्नासाचं काम देणारच. जुन्या मारुती व्हॅनसाठी त्याने सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, आणला तोही पाटी वाचूनच. तीनशे वॉट. उचलताना कमरेत कळ आली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

गाणी ऐकायची हौस त्याला नव्हती. त्याचे वडील देवराव रोलिंग मिलमधून रिटायर झाले ते कान तिथेच ठेवून. बारीक आवाज पार गेले होते, जाड आवाज थोडेफार उरले होते. गावाकडच्या भजनी मंडळाची एक कॅसेट घरात होती आणि तिच्यात मृदंगावर होते देवरावच. घरच्या टेपवर त्यांना काही कळत नसे. म्हातारा नुसती कॅसेट पुसून ठेवी. बापाला आपला मृदंग एकदा ऐकू यावा, एवढंच कवडूला हवं होतं. व्हॅनच्या काचा लावल्या तर आवाज बाहेर सांडणार नाही, असा त्याचा हिशेब.

सबवूफर बसला, देवरावही पुढच्या सीटवर बसले. बराच वेळ कान देऊन त्यांनी विचारलं, सुरू झालं का? कवडूने बटण शेवटापर्यंत फिरवलं, तसा फ्यूज उडाला. देवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, राहू दे म्हणाले. कवडूला त्या हाताचंच जास्त वाईट वाटलं.

भिलाईतल्याच सुपेल्यात बेबीताई बँडवाल्यांचे भोंगे आणि ऑर्केस्ट्राचे स्पीकर दुरुस्त करी. कवडू आपला अँप्लिफायर काखेत घेऊन तिच्याकडे आणखी मोठा मागायला गेला. उत्तर द्यायच्या आधी तिने ऑर्केस्ट्राचा एक जुना, कागदी पडद्याचा स्पीकर पेटीसकट ओढला आणि कवडूच्याच अँप्लिफायरला जोडला. बटणाला हात लावला नाही. टेबलावरचे स्क्रू थरथरायला लागले. कवडूने वाकून पाटी वाचली. साठ वॉट.

"भाऊ, मोटरची पाटी काम सांगते," बेबीताई म्हणाली. "स्पीकरची पाटी खुराक सांगते, तो किती पचवतो ते. गाय दूध किती देते ते वेगळं. तुमचा हा खायला काळ अन् भुईला भार."

कवडूच्या स्पीकरचा पडदा जड, त्याला हलवण्यातच सगळं बळ संपत होतं. हलका पडदा आणि मोठं चुंबक तेवढ्याच खुराकात कितीतरी जास्त आवाज काढत होतं. अट एकच, पेटी मोठी हवी. म्हणजे व्हॅनची मागची सीट जाणार. ही बातमी ऐकून कवडूची बायको जया दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सीट खोलायला तिनेच पाना आणून हातात दिला.

सीटच्या जागी बेबीताईचा स्पीकर बसला आणि रविवारी सकाळी देवराव पुन्हा व्हॅनमध्ये बसले. या वेळी बटण अर्ध्यावरच होतं. कवडू बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे काही हललं नाही. मग म्हाताऱ्याची बोटं मांडीवर हलू लागली, आधी चाचपडत, मग ठेक्यात. कवडूला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

मध्येच देवरावांनी हात वर केला.

"आता आयक," ते म्हणाले. "इथं माहा डावा हात चुकला होता."

आणि चुकला. कवडूने चांगल्या कानांनी ती कॅसेट शंभरदा ऐकली होती. त्याला ती चूक कधी सापडली नव्हती.