सुरुवात न पाहिलेले सिनेमे

थेटरात उशिरा पोचलात की काळ्याकुट्ट अंधारात तुमच्या पायांपुढे उजेडाचा एक गोल चालायचा, आठवतं? तो गोल म्हणजे मी. मी एक बॅटरी. मोबाइलच्या पाठीवर लुकलुकते ती नव्हे हं! तीन जाडजूड सेल पोटात घेणारी, पत्र्याच्या अंगाची, हातात धरली की हात खाली ओढणारी. आता म्हातारी झालेय आणि एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातून आम्ही शेकडो बहिणी एकाच खोक्यातून निघालो. कुणी पहारेकऱ्याच्या नशिबी आली, कुणी रेल्वेच्या गँगमनच्या. मी गेले एका थेटरात. तिथल्या मॅनेजरने मला बाल्कनीच्या नव्या डोअरकीपरच्या हातात दिलं आणि बजावलं, "काचेला बोट लावायचं नाही आणि उजेड कुणाच्या तोंडावर मारायचा नाही. फक्त पायांवर." डोअरकीपरने एकतीस वर्षं हे दोन्ही नियम पाळले. सगळं थेटर त्यांना मामा म्हणायचं. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण मीही त्यांना मामाच म्हणते.

तुम्हाला वाटेल, बॅटरीला सिनेमातलं काय कळतंय! अहो, मला कळायचं ते पायांवरून. सिनेमा रटाळ असला की पाय हलायला लागतात, चपला शोधतात, कुणी पाणी प्यायला उठतं, कुणी पोराला बाहेर न्यायचं निमित्त काढतं. चांगला असला की पाय कसे जागच्या जागी थिजतात. मामांचं मोजमाप मात्र वेगळं होतं. ते म्हणायचे, "दिवे लागल्यावरही माणूस खुर्चीतून उठत नाही ना, तो सिनेमा मोठा."

मामांचे तीन सिनेमे फार लाडके. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं पाडलेली. घड्याळजीचा सिनेमा त्यांना का आवडायचा? तर त्यात कुणीच वाईट नव्हतं, तरी सगळ्यांचं वाटोळं होत होतं. दोन बहिणींच्या सिनेमात एका घरात राहून दोघी वीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा काय, तर "मीठ दे." त्या दोन शब्दांवर अख्खी बाल्कनी नाक ओढायची. पण सगळ्यात लाडका तो नावाड्याचा. नदीवर पूल होतो, तरीही म्हातारा नावाडी रिकामी नाव या काठावरून त्या काठावर नेतच राहतो. शेवटची आठ मिनिटं पडद्यावर कुणी चकार शब्द बोलत नाही. मामा म्हणायचे, "न बोलता रडवायला धमक लागते." तो सिनेमा नऊ आठवडे चालला आणि मामांनी त्याचा शेवट रोज पाहिला.

शेवटच म्हणायचा, कारण खरी गोम इथेच आहे. आमच्या मामांनी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नव्हती!

हसू नका. कामच तसं होतं. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांची रीघ लागायची. मामा पडद्याकडे पाठ करून पायऱ्या चढताहेत, मी त्यांच्या हातात, मागून कुणी विचारतंय, "ओ, एफ रांग कुठं?" मग दारं लावायची, तिकिटांचे तुकडे तारेत ओवून खाली द्यायचे. परत येऊन भिंतीला टेकून उभे राहीपर्यंत सिनेमाची वीस मिनिटं उलटलेली असायची. कुणाला विचारायचं म्हटलं तर अब्रूचा प्रश्न. डोअरकीपरलाच सिनेमाची सुरुवात माहीत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

आता मामींचं सांगते. मामी म्हणजे मामांची बायको. लग्नानंतर वर्षभरातच मामांच्या आईचं अंग लुळं पडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. अकरा वर्षं. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं मामींकडे. तासभर घर सोडायची सोय नव्हती. नवरा थेटरात आणि बायकोने एक सिनेमा पाहिलेला नाही! म्हणून रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मामा ओट्याशी बसून (रात्री मी त्यांच्याबरोबर घरीच यायचे) माझे सेल पुसत पुसत मामींना सिनेमा सांगायचे. अंगविक्षेप करून, आवाज काढून. कणीक मळता मळता मामींचे हात थांबायचे.

पहिल्याच दिवशी मामींनी विचारलं, "अहो, पण सुरुवात कशी होती?"

मामा एकच सेल पुन्हा पुन्हा पुसायला लागले. "माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण बायकोच्या डोळ्यांत आपण म्हणजे सिनेमातले जाणकार! मग काय, दिली ठोकून. आणि एकदा जमलं म्हटल्यावर प्रत्येक सिनेमाला मामांनी आपल्या मनची सुरुवात जोडली.

नावाड्याच्या सिनेमाला त्यांनी जोडलेली सुरुवात तर अशी होती, की मीही हरखून गेले. तरुण नावाडी पुरात अडकतो. त्याची बायको कंदील घेऊन काठावर उभी राहते. पाऊस, वारा, काही म्हणजे काही तिला हलवत नाही. त्या उजेडाच्या रोखाने तो परत येतो, आणि म्हणून ती गेल्यावरही तो नदी सोडत नाही.

मामींनी ते ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवसापासून ती कंदीलवाली आमच्या घरचीच झाली. सासूबाई चिडून ताट भिरकावायच्या, चादर तिसऱ्यांदा बदलावी लागायची, तेव्हा मामी स्वतःशीच पुटपुटायच्या, "ती उभी राहिली की नाही? मग मीही राहीन." मामा ऐकायचे आणि खाली मान घालायचे.

दिवस गेले. सासूबाई गेल्या, मग लेकीची शाळा, मग मामींचे गुडघे. सिनेमाला जायचं राहून गेलं ते गेलंच, आणि मामांनीही कधी आग्रह धरला नाही. का, ते मला ठाऊक होतं. पुढे थेटर बंद पडलं. निरोप देताना मॅनेजरने मला मामांनाच देऊन टाकलं.

लेक हुशार निघाली. सहा महिने शोधाशोध करून तिने कुठून तरी नावाड्याचा सिनेमा मिळवला आणि एका रविवारी दुपारी घरातल्या टीव्हीला जोडला. "आई, आज तू बाबांचा लाडका सिनेमा बघणार!"

मामी लुगडं बदलून बसल्या. मामांना मात्र घाम फुटला. "टीव्हीवर काय मजा?" झालं. "माझं डोकं जड वाटतंय" झालं. शेवटी म्हणाले, "सुरुवात फार कंटाळवाणी आहे गं. मधूनच लाव."

"बाबा, तुम्ही असं म्हणता? मधून?" लेक हसायलाच लागली. तिने पडदे ओढले आणि सिनेमा सुरू केला. मामा दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी मला एवढं घट्ट धरलं होतं की माझा पत्रा गरम झाला.

पडद्यावर नावाडी आला. एकटा. नावेला डांबर लावत होता. मग सरकारी माणसं आली, नदी मोजून गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाई नाही, कंदील नाही, पूरसुद्धा नाही.

"थांबव गं," मामी म्हणाल्या. "त्याची बायको कुठाय?"

"कुणाची बायको?" लेक गोंधळली.

मामी मामांकडे वळल्या. "नाहीये," मामा म्हणाले. "सिनेमात नाहीये ती. मी सुरुवात कधी पाहिलीच नाही. कुठल्याच सिनेमाची नाही."

"मग घड्याळजीचा मेलेला भाऊ?"

"तोही मीच मारला."

लेकीला हसू आवरेना, पण मामींचा चेहरा पाहून ती चूप झाली. मामी म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईचं करताना जीव नकोसा व्हायचा मला. त्या बाईकडे बघून दिवस काढलेत मी. आणि ती नव्हतीच? इतकी वर्षं मला वेड्यात काढलंत?"

"वेड्यात नाही गं." मामांच्या डोळ्यांना धार लागली होती. "शेवटचा खेळ सुटून मी यायचो तेव्हा आपल्या जिन्यात दिवा नसायचा, आणि थेटरचे सेल घरी जाळायचे नाहीत म्हणून बॅटरी मी लावायचो नाही. तू मेणबत्ती हाताच्या आडोशाला धरून वरच्या पायरीवर उभी असायचीस. दमून मेलेली असायचीस, तरी रोज. सुरुवात सुचेना तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं कोण येणार होतं?"

मामींनी पदर डोळ्यांना लावला, बराच वेळ काढलाच नाही.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" शेवटी त्या म्हणाल्या. मग उठल्या, मामांच्या हातातून मला काढून घेतलं आणि फळीवर ठेवलं. "आणि उभे काय राहिलात पाहुण्यासारखे? बसा इथं. ए, परत पहिल्यापासून लाव."

मामा बसले. सबंध आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बसून बघत होते.

"मग आता सांगा," मामी म्हणाल्या, "बायकोच नाही तर हा एकटा कशापायी वल्हवतोय?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाले. "बघू या."

मी आता फळीवरच असते. पोटात सेल नाहीत, काचेवर धूळ बसलीय, माझं काही दुखत नाही. दर रविवारी मामी आधी मामांकडून त्यांची सुरुवात ऐकतात, मग खरी बघतात, मग दोघं भांडतात. मामा म्हणतात खरी चांगली. मामी काही केल्या कबूल होत नाहीत.

मी आता फार दिवसांची सोबतीण नाही, म्हणून जाता जाता एवढंच मागणं. तुमच्या घरात कुणी रंगात येऊन सिनेमा सांगत असेल, तर "छे, असं नव्हतंच" म्हणून त्याला मध्येच तोडू नका. त्याने पदरचं घातलेलं ते माणूस कदाचित तुम्हीच असाल.