क्लॅरिंडाचा हात

“मास्तर, परांचीवरून खाली या,” तांडेल हॅनफर्ड म्हणाला. “आमच्या बाईला नवा हात नको.”

माझे वडील प्लिमथच्या गोदीत लाकूड कोरायचे. ‘क्लॅरिंडा’ ही लढाऊ फ्रिगेट बांधली, तेव्हा तिच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, लाकडी बाई त्यांनीच कोरली आणि तिला चेहरा दिला आईचा. मी तेव्हा आठ वर्षांची. पुढच्या अकरा वर्षांत त्या बाईनं वादळं सोसली, फ्रेंचांची तीन जहाजं धरून आणली, दोनदा नवं नाक बसवून घेतलं. जहाज परतलं की आई धक्क्यावर जायची. “बघू, यंदा माझं काय काय उडालंय.”

यंदा लढाईत उजवा हात उडाला होता, पार कोपरावरून. हॅनफर्डचाही त्याच लढाईत गेला.

“शनिवारी जहाज सुटतंय,” वडील म्हणाले. “अर्धवट बाई घेऊन जाणार नाही, असं कप्तानसाहेबांनी बजावलंय. माझी नोकरी जाईल, तांडेल.”

“आणि हात बसवलात तर आमचा एकही माणूस नांगर उचलायचा नाही. आम्ही थोटे, आणि ही धडधाकट मिरवणार होय?”

वडील छिन्नी घेऊन खाली उतरले. तेवढ्यात आई मासळीची रिकामी टोपली घेऊन तिथे आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“हात कुणाचा?”

“तुझा,” वडील म्हणाले.

“मग मला कुणी विचारलं?” ती हॅनफर्डकडे वळली. त्याची मोकळी बाही छातीवर दुमडून बटणात अडकवलेली होती. “तांडेल, ही घडी कुणी घातली?”

“मीच, वहिनी. डाव्या हातानं.”

“छान घातलीय. आमच्या ह्यांना दोन हातांनी जमते का बघू.”

वडिलांना हसू फुटलं. पुढचे तीन दिवस ते लाकडात बाही कोरत होते आणि हॅनफर्ड समोर बसून खोड्या काढत होता. “मास्तर, बटण आहे की बशी?” खलाशांनी बाहीला निळा रंग दिला. शुक्रवारी कप्तान आला. त्यानं बाही बघितली. “आता पुरी झाली,” एवढंच म्हणाला.

‘क्लॅरिंडा’ मोडीत निघून आता चाळीस वर्षं झाली. मला मात्र ती त्या शनिवारचीच दिसते. नांगर वर आला, फिडल वाजू लागलं. धक्क्यावर बायका हात हलवत होत्या. आईही हलवत होती, डावा. उजवा तिनं एप्रनच्या खिशात घातला होता, आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत बाहेर काढला नाही.