आवडीनिवडीचा डबा आणि तो ढोल

मित्रांनो, उपचारकेंद्राच्या मागच्या खोलीत खिडकीशेजारी एक कपाट आहे. त्यात कोपरे चेपलेला आणि झाकण जरा वाकडं झालेला एक पत्र्याचा डबा दिसेल. तो मी. माझा जन्म खरं तर बिस्किटांसाठी झाला होता, पण बिस्किटं संपली आणि माझं नशीब उघडलं.

या केंद्रात आजारातून उठलेली माणसं येतात. कुणाला पक्षाघात झालेला असतो, कुणी अपघातातून वाचलेलं असतं, कुणी दुःखानं गप्प झालेलं असतं. औषधं आणि व्यायाम दुसऱ्या खोल्यांत होतात. आमच्या खोलीत चित्रं, गाणी, खेळ आणि बागकाम यांच्या मदतीनं माणसाला पुन्हा उभं करतात. पण कुणाला रंग द्यायचे आणि कुणाला चेंडू, हे आधी कळायला नको का? ते शोधून काढायला मोठ्या ताईंनी मला घडवलं. मोठ्या ताई म्हणजे या खोलीच्या प्रमुख. त्यांनी मला धुऊन पुसून घेतलं आणि जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापून आणले. त्यांच्या धाकट्या भावानं त्यांवर चित्रं काढली. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे माझ्या चित्रांतली माणसं जरा ठळक आहेत आणि सगळ्यांचे गाल गरजेपेक्षा लाल आहेत. कुणी पोहतंय, कुणी विणतंय, कुणी कुत्र्याला फिरवतंय, कुणी गळ टाकून बसलंय.

समोर बसलेल्या माणसानं एकेक चित्र उचलायचं आणि तीन ढिगांत लावायचं. आवडतं, पूर्वी आवडायचं आणि नको. बस्स, एवढंच. बोलावं लागत नाही की लिहावं लागत नाही.

माझे ते दिवस फार चांगले होते. एकदा एक पोस्टमन आले होते. पाय मोडलेला आणि चेहरा त्याहून मोडलेला. काही विचारलं की म्हणायचे, "मला कसली आवड नाही." माझ्यातलं विणकामाचं चित्र मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि दुसऱ्या ढिगात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "आजीनं शिकवलं होतं. कुणाला सांगू नका हं." पुढे केंद्रातल्या प्रत्येकाच्या गळ्यात त्यांचा मफलर दिसायला लागला. मोठ्या ताई माझ्या झाकणावर थोपटून म्हणायच्या, "डबा खोटं बोलत नाही." ते ऐकून मी पत्र्याचा आहे हेसुद्धा विसरायचो.

मग नव्या ताई आल्या. वयानं लहान, चालणं भरभर. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत ढोल. दोन हातांत मावेल एवढाच, पण काय त्याचा तोरा! आल्या दिवशीच त्याला खालच्या, हाताशी येणाऱ्या फळीवर बसवलं. ती माझी फळी होती. मला वर चढवलं.

नव्या ताई मऊ फडक्यानं त्याला पुसायच्या. माझ्यावर धूळ. येणारा जाणारा त्याला बोटानं एक टिचकी मारायचा आणि तो लगेच गुणगुणायचा. मी मनात म्हणायचो, 'आवाज येणारच, आतून पोकळ आहे तो! माझं पोट भरलेलं आहे म्हणून मी गप्प आहे.' पण माझं ऐकणार कोण? नव्या ताई ढोलावर एक ठेका धरायच्या आणि समोरच्या माणसाकडे ढोल सरकवायच्या. तो माणूस जोरात वाजवतो की घाबरत, ऐकून उत्तर देतो की आपलंच रेटतो, हे बघायच्या. म्हणायच्या, "यावरून खूप कळतं." मी म्हणायचो, 'कळतं म्हणे! यात ढीग कुठे आहेत?'

त्याच सुमारास खुर्चीवाल्या काकू आल्या. त्या आणि काका मिळून जुन्या खुर्च्या आणि सोफ्यांना नवं कापड चढवायचे. पक्षाघातानं काकूंचा डावा हात लुळा पडला होता आणि बोलणं अडखळत होतं. उजवा हात धड होता, पण तोही मांडीवर नुसता पडून असायचा. पुढच्या बैठकीत डॉक्टर त्यांचं ठरवणार होते. उपचारातून काही हाती लागेल असं वाटलं तर मुक्काम वाढणार, नाहीतर त्यांना कायमचं सांभाळगृहात पाठवणार. काका घरी एकटे. काकूंना उचलणं-बसवणं त्यांना एकट्यानं जमणारं नव्हतं.

मोठ्या ताईंनी मला खाली काढलं. ढोलाच्या डोळ्यांदेखत! मी किती सुखावलो म्हणून सांगू.

काकूंनी पहिलं चित्र उचललं, जवळ धरलं, लांब धरलं आणि नकोच्या ढिगात टाकलं. दुसरं, तिसरं, सगळी तिथेच. आवडतं रिकामं आणि पूर्वी आवडायचंही रिकामं. शेवटी त्यांनी अख्खा ढीग माझ्याकडे ढकलला. "नको. सगळं... नको."

मोठ्या ताईंचा चेहरा उतरला. काकू गेल्यावर त्या म्हणाल्या, "यांना कशातच रस उरलेला नाही. बैठकीत तसंच सांगावं लागेल."

"थांबा ना ताई," नव्या ताई म्हणाल्या. "एकेका चित्राला त्या इतका वेळ घेत होत्या. नको असेल तर माणूस पटकन टाकतो."

"इतकी वर्षं वापरतेय मी हा डबा. तो खोटं बोलत नाही."

"खोटं नाही बोलत. पण तो विचारतोय काय, ते त्यांना समजलं तरी का? आपण साधन निवडताना आपल्याला काय हवं ते बघितलं. त्यांना काय झेपेल ते कुठे बघितलं?"

मोठ्या ताईंनी माझं झाकण लावलं आणि मला परत वर ठेवलं. मला राग आला. साधी चित्रं ती, त्यात झेपणं न झेपणं कसलं?

दुसऱ्या दिवशी काकूंच्या पुढ्यात ढोल आला. मी वरून बघत होतो. मनापासून सांगतो, त्याची फजिती व्हावी असंच मला वाटत होतं. सुरुवात झालीही झकास. काकूंनी ढोलाच्या चामड्यावरून अंगठा फिरवला, कडेशी थांबल्या आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "सैल आहे... इथे. ताणलं नाही नीट." मला इतका आनंद झाला की झाकण वाजायचंच बाकी होतं.

नव्या ताई हसल्या. "मग कसं हवं, सांगा ना." त्यांनी हळूच ठेका धरला आणि ढोल पुढे सरकवला.

काकूंचा उजवा हात मांडीवरून उठला. टक टक टक, ठक्! परत टक टक टक, ठक्! तीन हलके आणि एक जोरात. न चुकता, न थांबता.

दाराबाहेर थर्मास घेऊन बसलेले काका धडपडत आत आले. "हा तिचा हातोडा आहे!" ते ओरडलेच. "अहो, खिळा अस्साच मारते ती! तीन टिचक्या आणि मग दणका. शेजारी वैतागायचे!" आणि ते तिथेच रडायला लागले. काकू वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "चहा... सांडाल."

मी जळत होतो, मित्रांनो. जे मला माझ्या भरलेल्या पोटानं जमलं नाही, ते त्या पोकळ ढोलाला जमलं.

मग मोठ्या ताईंनीच खिशातून किल्ली काढून काकूंच्या हातात दिली. "ही काय आहे?" काकूंनी न बघता सांगितलं, "किल्ली. कपाटाची." मोठ्या ताईंनी माझ्यातलं पोहणाऱ्या माणसाचं चित्र समोर धरलं. "आणि हे?" काकूंनी खूप वेळ बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "रंग दिसतात. काय आहे... कळत नाही. लाज वाटते सांगायला."

त्यांची नजर चांगली होती, पण आजारानं चित्र ओळखण्याची शक्ती नेली होती. त्यांनी पोहायला नकार दिलाच नव्हता. त्यांना माझा प्रश्नच वाचता आला नव्हता.

बैठकीत मोठ्या ताईंनी सांगितलं, "चूक काकूंची नाही. मी साधन चुकीचं निवडलं." डॉक्टरांनी मुक्काम वाढवला.

त्यानंतर मी बंदच राहिलो. खालून रोज टक टक टक, ठक् ऐकू यायचं. ढोल काय मजेत होता! काकू बोलायला लागल्या, उभ्या राहायला लागल्या, त्याचं श्रेय त्यालाच. मला वाटलं, आता मी पुन्हा बिस्किटांचाच.

एक दिवस काकूंनीच विचारलं, "तो डबा कुठे?" काकांनी दुकानातून कापडाचे तुकडे, सुतळी, जाळी, फोम, चामड्याच्या पट्ट्या असं गाठोडं आणलं होतं. नव्या ताई एकेका चित्रात काय आहे ते सांगायच्या, काका पुठ्ठा धरायचे आणि काकू उजव्या हातानं तुकडा चिकटवायच्या. पोहण्याला गुळगुळीत रेशीम. कुत्र्याला केसाळ कापड. गळाला सुतळी. कडा बोटानं दाबून बघायच्या आणि काकांवर डाफरायच्या, "सरळ धरा! वाकडं जातंय." इतक्या काळजीनं मला कुणी हाताळलं नव्हतं. ज्यांना मी काहीच विचारू शकलो नव्हतो, त्याच माझी दुरुस्ती करत होत्या.

घरी जायच्या आदल्या दिवशी काकूंनी डोळे मिटून माझी सगळी चित्रं बोटांनी वाचली आणि ढीग लावले. नकोमध्ये मोजकीच गेली. आवडतंचा ढीग वाढत गेला. सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर, त्यांनी एक चित्र ठेवलं. त्यावर पातळ चामडं होतं, कडेपर्यंत घट्ट ताणलेलं. ते वाद्याचं चित्र होतं. माझ्याच पोटातून निघालेला ढोल!

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. पण उत्तर खरं होतं, आणि या वेळी ते मीच विचारून मिळवलं होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या हातातही कुणाची तरी पारख येईल. कुणी शिक्षक व्हाल, कुणी डॉक्टर, कुणी ताई. तेव्हा समोरचा नुसतं नको म्हणाला, तर एवढी कृपा करा. त्याच्या नावापुढे काही लिहायच्या आधी तुमचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला का, ते बघा. नसेल पोचला, तर दुसरं साधन घ्या. मला वाईट वाटेल, मी जळेनही. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.