मुजीबच्या हॉटेलातलं एक ताट

“भाकर म्हणावं तर जाड न्हाय, चपाती म्हणावं तर पातळ न्हाय. आन् ह्याच्यासाठी कळंबवरनं एवढं हाडं मोडत यायचं,” ताराक्का माझ्या कानाला लागून पुटपुटली. शेजारच्या टेबलावरची रोटी बघून ती हे बोलली. तिच्याशी बोलायचं नाही असं मी घरनंच ठरवून निघाले होते.

ताराक्का माझी थोरली नणंद, आणि तीन वर्षांपासून माझ्या लेकीची, प्रतीक्षाची, सासू. आमच्यात भावाची लेक बहिणीच्या घरात देतात. पोरगी आपल्यातच राहते म्हणतात. राहते खरी, पण मग तिच्यासाठी भांडायचं कुणाशी? जावई बघावा तर भाचा, विहीण बघावी तर नणंद.

हे हॉटेल जळकोटच्या पुढं हायवेला लागून आहे. मुजीब दुबईला एका ग्रीक हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता. परत आल्यावर त्यानं पत्र्याचं शेड टाकलं, भिंती पांढऱ्या केल्या, दारं-खिडक्या-खुर्च्या सगळं निळं रंगवलं आणि पाटीवर नुसतं ‘ग्रीक’ लिहिलं. सोलापूरची पोरं फोटो काढायला येतात. हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात. आमच्या वस्तीतलं मात्र कुणी तिथं पाऊल टाकत नाही, कारण ज्याचं नाव घेता येत नाही ते खायचं कसं, असा प्रश्न पडतो. सुरजनं, म्हणजे माझ्या जावयानं, हे हॉटेल धरलं ते नेमकं त्याचसाठी. ओळखीचं कुणी भेटायला नको.

आमच्या भावकीत सोयऱ्या-सोयऱ्यांचं बिनसलं की एकमेकांच्या घरचं पाणी बंद होतं. मिटवायचं तर चार म्हातारी माणसं मधे बसतात. दोन्हीकडचं ऐकून घेतात, पोरीलाही विचारतात, आणि मग सगळे एका ताटात जेवतात. त्या ताटातला घास पोरीनं गिळला की विषय संपला. तो पुन्हा कुणी काढायचा नाही, काढला तर अन्न खोटं केलं म्हणतात. पोरगी त्याच दिवशी नांदायला जाते. सुरजनं यातलं ताट तेवढं ठेवलं आणि म्हातारी माणसं गाळली. मामा, चारचौघांत शोभा कशाला, आपल्यात आपणच बसू, असं त्यानं फोनवर सांगितलं आणि माझ्या नवऱ्याला, बिरदेवला, ते पटलं. त्याचं डोकं शेरडांच्या बाबतीत चांगलं चालतं. बहिणीचं नाव निघालं की तिथंच थांबतं.

प्रतीक्षाची बॅग बिरदेवनं मला न विचारता सुरजच्या गाडीच्या डिकीत ठेवून टाकली होती. मी म्हटलं, निदान जेवण तरी होऊ द्या. तर म्हणाला, तेवढंच राहिलंय आता.

प्रतीक्षा दिवाळीनंतर घरी आली ती उजव्या हाताला प्लॅस्टर घेऊन. प्लॅस्टर निघालं, पण मधली दोन बोटं वळत नाहीत. वेणी घालायला मी लागते, ब्लाऊजचे हूक लावायला मी लागते. बोटं दारात सापडली, असं सुरजनं सांगितलं. तेच डॉक्टरला सांगितलं, तेच बिरदेवनं वस्तीवर सांगितलं. काय झालं ते प्रतीक्षानं मला आल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मी ते बिरदेवला सांगितलं होतं. तो शेरडांपुढं पाला टाकत होता. सगळं ऐकून घेतलं, पेंढीची दोरी नीट गुंडाळून ठेवली, आणि म्हणाला, दारात सापडली असंच म्हणायचं. तेव्हापासून आमच्यात एक दार आहे. सगळे त्याच्याबद्दल बोलतात, बघितलेलं कुणीच नाही.

तर आम्ही बसलो. एका बाजूला मी, माझ्या डाव्या अंगाला ताराक्का, उजव्या अंगाला प्रतीक्षा. समोर बिरदेव, सुरज आणि मधे बब्रुवान दाजी, ताराक्काचे मालक. दाजी एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी समोरच्या माणसाकडं तो बिनतिकिटाचा बसल्यासारखं बघतात. त्यांनी प्रतीक्षाकडंही तसंच बघितलं.

मुजीब स्वतः आला. सगळ्यांना एकच मोठा थाळा हवा, असं सुरजनं सांगितल्यावर तो खूश झाला. त्येंच्यात बी घरचे लोक असंच एकात हात घालून खातेत, म्हणाला. दाजींना हे फार आवडलं. मग ही आपलीच रीत की, असं म्हणून त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. एक तासभर तरी रीत आपली राहणार होती, तेवढ्यात काम होणार होतं. माझ्या तोंडात चांगली शिवी आली. पाण्याबरोबर गिळली.

थाळा आला. परातीएवढा. भाजलेल्या मटणाचे तुकडे, दह्यात लसूण घालून किसलेली काकडी, खारट पनीर, आणि कडेनं त्या जाडसर रोट्या, ज्यांना मुजीब पिटा म्हणत होता. मधे काळी चकचकीत फळं होती. दाजींनी जांभूळ समजून त्यातलं एक तोंडात टाकलं. त्यांचं तोंड असं झालं की एरवी मी आठवडाभर हसले असते. पण आज वडीलधारे म्हणून मिटवायला बसलेले, थुंकणार कुठं? गिळलं बिचाऱ्यांनी, बीसकट.

मग त्यांनी रोटी मोडली. एक तुकडा बिरदेवला दिला, एक सुरजला, एक स्वतः घेतला. तिघांनी खाल्लं. ताराक्कापुढं तुकडा धरला तर ती म्हणाली, माझं राहू द्या, दाढ ठणकती. दाजींनी तो प्रतीक्षापुढं न धरता ताटाकडं बोट केलं. तिनं स्वतःच्या हातानं घ्यायला पाहिजे, रीत तशी आहे.

प्रतीक्षाचे दोन्ही हात ओढणीखाली होते.

लगेच सगळ्यांना बोलायला सुचलं. दह्यात लसूण जास्त झाला, असं बिरदेव म्हणाला. हे मटण आपल्या उस्मानाबादी शेरडाचं नव्हं, चरबी बघा, असंही म्हणाला. सुरज म्हणाला, मामा, आता आपल्याकडं बी असली हॉटेलं पाहिजेत. कामावरच्या कुणा साहेबानं त्याला पार्टी दिली होती त्याची गोष्ट त्यानं सुरू केली. बोलता बोलता ताट थोडं थोडं प्रतीक्षाकडं सरकवत होता. पोराला मी लहानपणी कडेवर घेतलेलं. सुट्टीत माझ्या हातची शेंगाची चटणी खाऊन मोठा झालेला. ताट सरकवणाऱ्या त्या हाताकडं बघत बसले आणि मला वाटलं, तो आत्ता उचलावा आणि मुजीबच्या निळ्या दारात धरावा. खरोखरच्या दारात.

“घे की बाई,” दाजी म्हणाले. “गार व्हायलंय.”

प्रतीक्षानं ओढणीखालनं हात काढला. डावा. ताटात घालून रोटीचा तुकडा उचलला.

“आता हे काय?” दाजींचा हात थांबला. “सगळ्यांच्या ताटात डावा हात?”

“तिचं घरी बी असंच चालतंय,” सुरज हसत म्हणाला. “सांगून सांगून थकलो.”

त्या हसण्यावर मी बिरदेवकडं बघितलं. म्हटलं, बाप आहे, आता तरी बोलेल. बोलला. खाली मान घालून, शेरडाला चुचकारावं तशा आवाजात म्हणाला, “उजव्या हातानं घे, बाळ.”

बाळानं डाव्या हातातला तुकडा परत ठेवला आणि उजवा हात टेबलावर घेतला. अंगठा आणि पहिलं बोट कामाचं, करंगळी थोडी, मधली दोन सरळ उभी. तिनं आख्खी रोटी धरून मोडायला बघितली. भाकरी असती तर मोडली असती. ही चिवट. रोटी फिरली, निसटली, दह्यात पडली. तिनं पुन्हा उचलली. कुणी मदत करेना. मी हात पुढं केला तर दाजी म्हणाले, तिचं तिला घेऊ द्या.

“दारात सापडली ना बोटं,” सुरज बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. “होईल हळूहळू.”

टेबलाखालनं बिरदेवनं माझ्या पायावर पाय दाबला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यावर आवाज चढवला नाही, हात तर सोडाच. त्याचा सगळा जोर असा पायात. मी पाय काढून घेतला.

“कंच्या?” मी विचारलं.

सुरजला कळलं नाही. “काय कंच्या, मामी?”

“दारात. कंच्या दारात सापडली?”

“न्हाणीच्या,” सुरज म्हणाला.

“गेटाच्या,” दाजी म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. न्हाणीला आता गेटासारखंच लोखंडी दार बसवलंय, असं काहीतरी दाजी जुळवायला लागले, आणि बिरदेव, माझा नवरा, मान हलवून त्यांना जुळवायला मदत करायला लागला. व्हय व्हय, म्हणाला, लोखंडी दार लई वाईट. मी खुर्ची मागं सारली. डिकीतनं बॅग काढायला जायचं, एवढंच डोक्यात होतं. प्रतीक्षा अजून रोटीशी झुंजत होती. तिच्या बोटांवरनं दही मनगटावर ओघळलं होतं. एक तुकडा कसाबसा निघाला आणि ती तो तोंडाकडं न्यायला लागली.

ताराक्कानं माझ्यापुढनं हात घालून तिचं मनगट धरलं. तुकडा काढून घेतला, ताटात टाकला. मग पदराच्या टोकानं पोरीची बोटं पुसायला लागली, एकेक करून, ती दोन उभी बोटंसुद्धा. आई, काय करायलीस, असं सुरज म्हणाला. तिनं तिकडं बघितलं नाही. भावाकडं बघितलं.

“बिरदेवा, दार न्हाय, काय न्हाय. माझ्या पोरानं पाट्याच्या वरवंट्यानं ठेचली हिची बोटं. म्या तिथंच व्हते. हिला धरून म्याच बसवलं व्हतं.”