शास्त्रीबुवांच्या खडावा

कल्याणच्या पारनाक्यावरच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. लाकडी चौथऱ्यावर सरस्वतीची तसबीर, तिच्यापुढे डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसलेला पंढरी नावाचा दांडगा, मिशाळ शिष्य, आणि त्याच्या मागे येरझारा घालणारे प्रभाकरशास्त्री. रेशमी उपरणं, कपाळभर गंध, पायांत जाडजूड खडावा.

कुणीतरी खालून एक किल्ली वर दिली. बुवांनी ती उंच धरली आणि श्लोक म्हणत इकडून तिकडे फिरले. "पंढरी, देवी काय दाखवते?"

"किल्ली!"

मांडव दणाणला. मग सुपारी झाली, मग अंगठी. पंढरी एकदाही चुकला नाही.

"बघितलंत?" बुवा गरजले. "हा पंढरी काल-परवापर्यंत ढ होता, ढ! देवीचा अंगारा जिभेवर ठेवला आणि मस्तकाचं कवाड उघडलं. वर्षानुवर्षं घोकता कशाला रे? आमच्या नोकरी-पाठशाळेत या, अंगारा घ्या, चार महिने डोळे मिटून बसा. इंग्रजी, हिशेब, कायदा, सगळं आपोआप आत! मग रेल्वेचा गोरा साहेब तुमच्या दाराशी येऊन म्हणेल, रावसाहेब, खुर्ची तयार आहे!"

गर्दीच्या मागे हरिहर मास्तर उभे होते आणि जळत होते. लपवाछपवी कशाला? चांगले जळून कोळसा होत होते. ठाण्याच्या शाळेत हा प्रभ्या त्यांच्याच शेजारी बसायचा. ह्यांच्या पाटीत डोकावल्याशिवाय त्याला साधी वजाबाकी यायची नाही. आणि आज त्याची पाठशाळा ठाण्यात, कल्याणात, भिवंडीत! दिवाळीनंतर डोंबिवलीलाही काढणार म्हणे. मास्तरांच्या ओटीवरचा इंग्रजीचा वर्ग मात्र आटत आटत पाच पोरांवर आला होता.

त्या पाचांत रघू एकटा खरा हुशार. रेल्वेच्या परीक्षेला बसवायचा म्हणून मास्तर त्याच्यावर जीव टाकून मेहनत घेत होते. मांडवाबाहेर त्याची आई भेटली. आंबिवलीची गोदूबाई, नवऱ्यामागे दूध घालून घर चालवणारी.

"मास्तर, परवापासनं रघूला शास्त्रीबुवाकडं घालते. म्हस इकली."

"विकलीत? अहो, त्या म्हशीवर तर तुमचं घर चालतं!"

"पोराला नोकरी लागली की दोन घेईन. तुमी कदी म्हनता का, लागंल म्हून? त्यो छातीवर हात ठेवून सांगतो."

मास्तर तसेच घराकडे वळले. घरी ताट वाढलं तरी ते भिंतीकडेच बघत बसले.

"किती जळावं माणसानं!" त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रोज त्याचा तमाशा बघायला जायचं आणि रोज अर्धपोटी उठायचं. तो खोटा असेल तर दाखवून द्यावं, नाहीतर मुकाट्यानं वरणभात खावा."

पण जळणाऱ्या माणसाचं एक असतं. भक्त हात जोडून डोळे मिटतो, जळणारा डोळे फाडून बघतो. मास्तरांनी बुवांची अंगठी न्याहाळली होती, उपरण्याची घडी न्याहाळली होती, आणि आता कानात एकच आवाज घुमत होता. कट्ट, कट, कट, कट्ट. सुपारी हातात आली की खडावा दरवेळी अश्शाच वाजायच्या. हा ठेका आपण कुठे ऐकलाय? आणि भाताचा घास तोंडाशी नेता नेता त्यांना आठवलं. स्टेशनात! तारबाबूच्या खिडकीत ते यंत्र असंच लांब-आखूड कडकडतं!

हात धुऊन ते तडक स्टेशनात गेले. चौकशी केली तर पंढरी हा ढ वगैरे काही नव्हता, चांगला तारबाबू होता. कामावर झोपा काढतो म्हणून रेल्वेनं घरी बसवलेला. सकाळी उठून मास्तर ठाण्याला जाऊन आले. तिथून "उत्तीर्ण" झालेल्यांतल्या एकालाही रेल्वेत किंवा कचेरीत नोकरी नव्हती. काहीजण मात्र कल्याणच्या पाठशाळेत गुरुजी झाले होते. कल्याणचे भिवंडीत लागले होते, आणि भिवंडीचे डोंबिवलीची वाट बघत होते. धंदा वाढत होता तो असा.

मास्तरांच्या मनात एक पाप येऊन गेलं. घरी येऊन ते हळूच म्हणाले, "ही युक्ती आपल्या ओटीवरही जमेल, नाही?"

"जमेल की! पंढरीच्या जागी मला बसवा पट्टी बांधून!" बाई फणकारल्या. मास्तर खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी रघूला अंगारा मिळायचा होता. गोदूबाई पैसे कनवटीला लावून पुढेच बसली होती. इतक्यात काखेत जाड घोंगडी घेऊन हरिहर मास्तर चौथऱ्यावर चढले आणि त्यांनी हात जोडले.

"शास्त्रीबुवा, माझं चुकलं. आपल्या पावलांखाली उघडी फळी? मला नाही पाहवत." आणि त्यांनी घोंगडीच्या चार घड्या करून बुवांच्या पायांशी अंथरली. लोक "वा, वा!" करू लागले. भरल्या मांडवात गुरूनं पायघडी नाकारायची कशी? बुवा नाइलाजानं तिच्यावर उभे राहिले.

मास्तरांनी पिशवीतून भलंमोठं वांगं काढून त्यांच्या हातात दिलं. बुवांनी श्लोक म्हटला, पाय आपटले. आवाज कसला येतोय!

"पंढरी, देवी काय दाखवते?"

पंढरीनं नुसते कान टवकारले. बुवांनी पुन्हा पाय आपटले. अखेर पंढरी काकुळतीला येऊन म्हणाला, "बुवा, ऐकू येईना!"

"देवी दाखवते ना रे?" मास्तर म्हणाले. "मग ऐकायचंय काय?"

मांडवात खसखस पिकली. तेवढ्यात पाया पडायला वाकल्यासारखं करून मास्तरांनी बुवांची एक खडाव काढून घेतली आणि फळीवर वाजवली. कट्ट, कट, कट, कट्ट.

पंढरीचा जीव भांड्यात पडला. "सुपारी!" तो ओरडला.

वांगं अजून बुवांच्या हातातच होतं. लोक पोट धरधरून हसले. मास्तरांनी खडावेची आणि तारेची सगळी गोष्ट सांगितली, ठाण्यात काय दिसलं तेही सांगितलं.

"हा हरी लहानपणापासून माझ्यावर जळतो!" बुवा किंचाळले.

"ते मात्र खरं हो," गर्दीतून कुणी म्हणालं. "मास्तर जळतातच."

"जळतो," हरिहर मास्तर म्हणाले. "ह्याची पाठशाळा बघून माझ्या पोटात रोज आग पडते. पण मी जळतो म्हणून वांग्याची सुपारी होत नाही! माझ्यावर विश्वास ठेवू नका. ही खडाव घ्या, स्वतः वाजवून बघा. ठाण्याला जा, स्वतः विचारा."

गोदूबाई उठून उभी राहिली. "मास्तर, मग तुमच्याकडं तरी नोकरी लागंल का माज्या पोराला?"

सारा मांडव कान देऊन ऐकत होता. नुसतं "लागेल" म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नसती. मास्तरांना तो शब्द अगदी ओठांवर आल्यासारखा वाटला.

"लागेलच असं नाही, गोदूबाई," ते म्हणाले. "रघू मेहनत करतो. इंग्रजी येईल, हिशेब येईल. पुढचं माझ्या हातात नाही."

गोदूबाईनं कनवटीची गाठ आणखी घट्ट केली, पोराचं मनगट धरलं आणि ती मांडवाबाहेर पडली. तिच्यामागून एकेक करून माणसं उठू लागली.

लोकहो, देवीच्या नावानं कुणी विद्येची आणि नोकरीची हमी देऊ लागला, तर हात जोडायच्या आधी त्याला एवढंच विचारा: आजवर कुणाला मिळाली ते सांग, आम्ही त्याच्या घरी जाऊन बघून येतो.