पहिल्या पानावरची विभूती

"अव्वा, ते पुस्तक दे."

मल्लम्माची पूजा आटोपत आली होती. उरलेली विभूती तीन बोटांवर घेऊन तिनं देवळीतल्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि त्यावर रोजच्यासारखी ओढली.

"कशाला? माझं नाव हाय त्याच्यात."

ही थाप तिच्या लेकानं, महांतप्पानंच, सहा वर्षांपूर्वी मारली होती.

नवऱ्यामागं मुरुमची आडत मल्लम्मानंच चालवली. मिरची हातात घेऊन गाव सांगणारी, कुणाला बसायला सांगायचं आणि कुणाला दारातूनच वाटेला लावायचं हे तोंड बघून ओळखणारी बाई. अक्षर मात्र एकही ठाऊक नाही. लेक हैदराबादच्या एका कॉलेजात व्यापारशास्त्र शिकवू लागला, तेव्हा त्यानं तिचंच शहाणपण उर्दूत लिहून काढलं. पहिल्या पानावर लिहिलं, माझ्या अव्वाला. विभागाचे प्रमुख हसले.

"मियाँ, किताब कोर्स में लगानी है ना? तो पहला सफा हुजूर का."

त्यानं पान बदललं. पुस्तक लागलं. दिवाळीला प्रत घेऊन घरी आला, तेव्हा आईनं विचारलं, "माझं नाव हाय न्हवं?" इतक्या आनंदानं विचारलं, की तो 'व्हय' म्हणून बसला.

आता निजामाची राजवट जाऊन चार महिने झाले होते. कॉलेजच्या नव्या समितीनं त्या एका पानापायी त्याला घरी बसवलं होतं. पुढची पानं त्यांनी उलटली नाहीत. जुन्यांनी तरी कुठं उलटली होती? नोकरी परत हवी तर अटी दोनच. छापलेली प्रत न प्रत परत आणून द्यायची, आणि नवं पुस्तक लिहायचं. त्याचं पहिलं पान समिती पाठवणार. जमा झालेल्या बाकीच्या प्रती तेरखेड्याला फटाक्यांच्या कागदात गेल्या होत्या. एवढीच राहिली होती.

"ने," मल्लम्मा म्हणाली. "पर आधी बोट ठिवून दाव. कुठं हाय माझं नाव?"

कुठंही बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. महांतप्पानं हात उचललाच नाही.

"अव्वा, तुझं न्हाय. निजामाचं हाय."

ती पानाकडं बघत राहिली. रझाकारांनी तिचा भाऊ धुळाप्पा भरपेठेत मारला, त्या दिवशीही तिनं ही विभूती चुकवली नव्हती.

"मंग सा वर्सं म्या इभूत कुणाला लावली रं?"

महांतप्पानं पान मिटायला हात पुढं केला; तिनं मिटू दिलं नाही.

"आन् नव्या पुस्तकात कुणाचं नाव?"

"ते पान समिती धाडणार हाय."

"व्हय," ती म्हणाली. पदरानं तिनं पान घासून पाहिलं. विभूती कागदात मुरली होती. तिनं पुस्तक तसंच मिटलं आणि त्याच्या हातात दिलं.

"जा. मोटार चुकंल."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली आणि तिची तीन बोटं सवयीनं देवळीकडं गेली. तिथं पुस्तकाएवढी जागा स्वच्छ होती. तिनं हात थोडा वेळ तसाच धरला. मग बोटं पदराला पुसली आणि आडत उघडायला गेली.